ओझ्याविना चाललेली वाट

यंदा बुद्धपौर्णिमा गावी साजरी करावी असे आमच्या घरात ठरले आणि आम्ही चौघे, म्हणजे मी, माझे मिस्टर, दहावीची परीक्षा दिलेली मुलगी आणि पाचवीतला मुलगा, खेडपर्यंत कोकण रेल्वेने आणि पुढे एस्टीने दापोलीला उतरलो. तिथून बुरोंडी दहा-बारा किलोमीटर. रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यातले हे समुद्रकाठचे गाव माझे सासर आहे. लग्नाला चोवीस वर्षे झाली. या चोवीस वर्षांत मी बुरोंडीला किती वेळा गेले असेन याची मोजदाद नाही. पण खरे सांगते, बुरोंडी मी पाहिले ते यंदा.

मुंबईकर आपले लोक गावी जाऊन काय करतात, याचा वाचक भगिनींनी एकदा हिशेब मांडून पाहावा. दोन दिवस प्रवासाचे. एक दिवस कौले चाळायचा. दोन दिवस लग्नाचे. एक दिवस भाऊबंदकीच्या बैठकीचा, त्यात हमखास भांडण. उरलेला वेळ स्वयंपाकाचा. समुद्र हाकेच्या अंतरावर, पण तो बघायला म्हणून कोणी उठून जात नाही. फिरणे हा साहेब लोकांचा, शाळा-कॉलेजच्या मुलांचा किंवा रिकामटेकड्यांचा उद्योग, असे आपल्या डोक्यात पक्के बसलेले आहे. मुंबईतही फार तर वर्षातून एकदा सगळे मिळून बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीच्या लेण्यांना जायचे, डबा खायचा, फोटो काढायचा आणि परत फिरायचे. तिथे डोंगराच्या पोटात शंभरावर लेणी आहेत आणि जवळजवळ प्रत्येक लेण्याला पावसाचे पाणी साठवायची पोढी आहे. पण पहिली तीन लेणी पाहून झाली की पुढच्या पायऱ्या चढायला आपल्यातले किती जण तयार असतात?

मला चालायला लावले ते डॉक्टरांनी. रक्तात साखर निघाली. दवाखान्यात सांगितले, रोज पाऊण तास चाला, गोळीइतकेच ते महत्त्वाचे आहे. मुंबईत आमच्या वस्तीत चालायचे कुठे? गल्लीत दुचाक्या, हमरस्त्यावर धूर, मैदानात पार्किंग. म्हणून गावी गेल्यावर दुसऱ्याच दिवशी पहाटे मी पायात बूट घातले. आमच्या सासूबाई ओटीवर बसून दात घासत होत्या. सत्याहत्तर वर्षांच्या, पण नजर घारीची.

"कुटं चाललीस गो?"

"कुठं नाही आई, जरा चालून येते."

"कुटं नाय, मग कशाला चालतंस?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. त्यांच्या हिशेबी चालणे म्हणजे कुठेतरी पोचणे, आणि पोचणे म्हणजे डोक्यावरचे काहीतरी तिथे उतरवणे. त्यांनी लग्नानंतरची वीस वर्षे बुरोंडी ते दापोली अशी पायपीट केली. पावसाळा सोडला तर आठवड्यातून दोनदा. डोक्यावर लाकडाची मोळी, कधी गवताचा भारा, उन्हाळ्यात काजूच्या बिया नाहीतर रतांबे. पहाटे तीनला निघायचे, बाजार उठायच्या आत मोळी विकायची, मिठा-मिरचीचे पैसे पदराला बांधून परत. अनवाणी. "नुसतं चालाया" ही गोष्ट त्यांना पटावी तरी कशी?

त्या दिवशी मी एकटीच गेले आणि अर्ध्या तासात परत आले, कारण वाट सापडेना. ज्या पाखाडीने सड्यावर चढतात असे मिस्टरांनी सांगितले होते, तिथे चिऱ्याची उंच नवी भिंत उभी होती आणि भिंतीला लोखंडी फाटक. आत कलमांची बाग आणि बांधकाम चाललेले. मी घरी येऊन सांगितले, वाट बंद आहे. सासूबाईंनी हातातला मिसरीचा डबा खाली ठेवला.

"वाट बंद? वाट कशी बंद व्हईल?"

त्यांना ते खरेच वाटले नाही. गुडघे दुखतात म्हणून त्या चार-पाच वर्षे वर गेल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी, म्हणजे पौर्णिमेनंतरच्या पंचमीला, त्याच म्हणाल्या, "चला, मी दावतंय." आणि अशी आमची पाच जणांची फेरी निघाली. हातात काठी घेऊन सासूबाई पुढे, आम्ही मागे.

निघण्याआधी बंदरावर जाऊन आलो. बुरोंडीचे बंदर पहाटे पाहावे. होड्या लागलेल्या, माशांच्या टोपल्या, बर्फ, माणसांचा गलका. माझ्या मुलाने तिथल्या एका वयस्कर मच्छीमाराला विचारले, "काका, आज ओहोटी कधी?" त्यांनी बोटांवर काहीतरी मोजले आणि म्हणाले, "साडेनव-पावणेधा." मुलगा चकित. मोबाइल नाही, घड्याळ नाही. मग त्यांनी त्याला हिशेब शिकवला, तो मी इथे देते, कारण समुद्रकाठी मुले घेऊन जाणाऱ्या प्रत्येक आईला तो यायला हवा. त्या दिवशी जी तिथी असेल तिला पाऊणने गुणायचे. जे उत्तर येईल त्या तासाला, दिवसा आणि रात्रीही, पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीन वाजता भरती. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचे. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. त्या दिवशी पंचमी, म्हणजे पावणेचारला भरती आणि साडेनऊ-पावणेदहाला ओहोटी. भरती रोज पाऊण तास पुढे सरकते म्हणून हा पाऊणचा गुणाकार. मुलीने मोबाइलवर तपासून पाहिले, थोड्या मिनिटांचा फरक निघाला. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, पाणी फार वर चढते आणि फार मागे जाते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, तेव्हा चढ-उतार कमी. यात देवाधर्माचे काही नाही, चंद्र-सूर्याच्या ओढीचे गणित आहे. पंचांग भविष्य बघायला नको, पण भरती बघायला चांगले उपयोगी पडते.

सासूबाईंनी आम्हाला त्या भिंतीच्या बाजूने, वहाळाच्या काठाकाठाने वर नेले. वाट अशी नव्हतीच. करवंदाच्या जाळ्या, वाळलेला पाला, पायाखाली सुटे धोंडे. करवंदे मात्र पिकून काळी झालेली, मुलांचे हात आणि तोंडे जांभळी. वाटेत सासूबाई झाडांची नावे सांगत होत्या. हा ऐन, हा किंजळ, ही शिवण, हा रातांबा. कोणत्या झाडाचे लाकूड धूर करत नाही आणि कशाला बाजारात चार आणे जास्त मिळत, हे त्यांना अजून पाठ आहे. माझी मुलगी जीवशास्त्रात हुशार, पण यातले एकही झाड तिला ओळखता येईना. तिने आजीचे बोलणे मोबाइलवर रेकॉर्ड करून घेतले.

बऱ्याच वर त्या थांबल्या. जुन्या पाखाडीचा भिंतीपलीकडे गेलेला तुकडा इथे पुन्हा मोकळा होत होता. कडेला जांभ्याचे चार-पाच चिरे एकावर एक रचलेला एक ओटा होता, खांद्याच्या उंचीचा. वर शेवाळ वाळून काळे झालेले. मी आधी समाधी वगैरे समजले. सासूबाईंनी हात लावला आणि म्हणाल्या, "हितं मोळी टेकवायची."

मग त्यांनी जे सांगितले ते मी चोवीस वर्षांत ऐकले नव्हते. डोक्यावरची जड मोळी माणसाला एकट्याने जमिनीवर ठेवता येते, पण परत डोक्यावर घेता येत नाही. कोणीतरी हात द्यावा लागतो. बायका सोबतीने असल्या तर एकमेकींना हात देत. पण एकटी असली आणि वाटेने दुसऱ्या वाडीचा माणूस आला, तर तो हात द्यायचा नाही. शिवायचे कसे? दीक्षा होऊन, १९५६ साल उलटून दहा-बारा वर्षे झाली होती, तरी ही गोष्ट. म्हणून आपल्या वाडीतल्या म्हाताऱ्यांनी हे चिरे रचले. ओझे खांद्याइतक्या उंचीवर टेकवायचे, दम खायचा आणि मान खाली घालून पुन्हा डोके त्याखाली द्यायचे. कोणाचा हात लागत नाही.

"माजं धाकटं पोटात हुतं तवा हितंच बसून रडलंय," त्या म्हणाल्या. धाकटा म्हणजे माझे मिस्टर. ते काही न बोलता चिऱ्यांवरचे शेवाळ नखाने खरवडत राहिले.

बाबासाहेबांनी १९३६ साली जातिव्यवस्थेवरच्या आपल्या न झालेल्या, पण छापून प्रसिद्ध केलेल्या भाषणात पेशवाईतल्या पुण्याचे नियम सांगितले आहेत. आपल्या माणसाने कमरेला झाडू बांधून चालावे, म्हणजे त्याने तुडवलेली धूळ मागच्या मागे झाडली जाईल. आपल्या माणसांची पावले रस्त्यावर उमटणेसुद्धा लोकांना सोसत नव्हते. ज्यांच्या आज्या-पणज्या अशा चालल्या, त्यांच्या नातवंडांनी केवळ मजेसाठी, हात मोकळे सोडून डोंगर चढावा, ही मला त्या दिवशी लहान गोष्ट वाटली नाही.

असो. चढ संपला आणि सडा लागला.

सडा ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. कोकणात डोंगर चढून गेल्यावर टोक येत नाही, सपाट काळे-तांबडे कातळ येते. हाच जांभा. आपल्या घरांचे चिरे यातूनच निघतात आणि चिरेखाणीत घाम गाळणाऱ्यांत आपले लोक थोडे नाहीत. खाणीतून ताजा काढलेला चिरा त्या मानाने मऊ असतो, हवा लागली की घट्ट होतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर पसरून दख्खनचा काळा दगड झाला, आणि पुढे लक्षावधी वर्षांच्या ऊन-पावसाने तो कुजून, झिजून, त्यातले लोह मागे राहून हा जांभा तयार झाला. त्याचा तांबडा रंग लोखंडाच्या गंजाचा. पाऊस सड्यावर पडतो, भेगांतून मुरतो आणि खाली पायथ्याशी झरा होऊन निघतो. वर सडा आणि खाली पाणी, म्हणून मधल्या उतारावर वाड्या.

मे महिन्यात सडा भकास दिसतो. पण जून-जुलैत या कातळावर बोटभर मातीत गवत उगवते आणि श्रावण-भाद्रपदात फुले येतात. तेरडा, पिवळा कवला, पांढरे गेंद, आणि सीतेची आसवे म्हणतात ती इवली निळी फुले. ही शेवटची वनस्पती किडे खाते, कारण कातळावरच्या मातीत तिला पुरेसे पोषण मिळत नाही. ज्यांना जमेल त्यांनी सप्टेंबरात यावे. याच जिल्ह्यात दक्षिणेला, रत्नागिरी आणि राजापूर तालुक्यांत, उक्षी, कशेळी, बारसू अशा गावांच्या सड्यांवर माणसांनी हजारो वर्षांपूर्वी हत्ती, मासे आणि माणसांच्या आकृत्या कोरून ठेवल्या आहेत. ती कातळशिल्पे २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आली. गुरे चारणाऱ्यांना ती पिढ्यान् पिढ्या माहीत होती.

बुरोंडीच्या वरच्या बाजूला एक परशुरामाचा मोठा पुतळा उभारला आहे, तिथे पर्यटकांच्या गाड्या थांबतात. परशुरामाने बाण मारून समुद्र हटवला आणि कोकण निर्माण केले, ही कथा तिथे मुलांच्या कानावर पडते. माझ्या मुलाने विचारले, "आई, मग जांभा कोणी बनवला?" मी त्याला एवढेच सांगितले, की महात्मा जोतीराव फुल्यांनी १८७३ साली लिहिलेल्या 'गुलामगिरी'त या परशुरामाची चांगलीच झडती घेतली आहे, मुंबईला गेल्यावर वाच. तिथून समुद्र मात्र फार सुरेख दिसतो. वारा असा की बोलणे ऐकू येत नाही.

इथे एक काळजीची सूचना. रत्नागिरी जिल्ह्याच्या कातळावर फुरसे फार. वीतभर-हातभर लांबीचा, दगडाच्या रंगाचा साप, सहज दिसत नाही. दगड उचलू नये, सुट्या चिऱ्यांच्या ढिगावर बसू नये, मुलांना चपलेत नव्हे तर बुटात न्यावे. चावलाच तर ब्लेड मारणे, दोरी करकचून बांधणे, मांत्रिकाकडे नेणे हे काहीही करू नये. माणसाला धीर द्यावा, चावलेला भाग हलू देऊ नये आणि सरळ दवाखाना गाठावा. विषावर प्रतिविषाचे इंजेक्शन हाच उपाय. विंचवाचेही तसेच. याच भागात, महाडला, डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी वर्षानुवर्षे विंचूदंशाच्या रुग्णांवर उपचार करून प्राझोसिन या साध्या गोळीचा उपयोग सिद्ध केला आणि कोकणातले असंख्य जीव वाचवले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्याआधी लोक काय करत? मंत्र घालत आणि मरत.

सड्यावरून उतरून लाडघरला पोचायला आम्हाला नऊ वाजले. सासूबाईंची चाल पाहून मला लाज वाटली. उतारावर त्या माझ्यापेक्षा भराभर जात होत्या, गुडघे फक्त चढताना दुखतात म्हणे. लाडघरचा किनारा लांबच लांब. इथल्या पाण्याला तांबूस झाक दिसते म्हणून याला तामसतीर्थ म्हणतात. रंग तीर्थाचा नाही, तांबड्या गोट्यांचा आणि वाळूचा आहे. ओहोटी असल्याने ओली, घट्ट वाळू मैलभर मोकळी पडलेली. अशा वाळूवर चालणे म्हणजे सुख. टाच रुतत नाही, घसरत नाही. माझे बूट हातात आणि पावले मागे उमटत गेलेली. सासूबाई एकदा थांबून मागे वळून पाहत राहिल्या. काय पाहत होत्या ते मी विचारले नाही.

सुरूच्या सावलीत डबा सोडला. तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी, कांदा, आणि वर काल उरलेली खीर. तिथे हॉटेले आहेत, पण पाच माणसांचे बिल पाहिले की फिरण्याची हौस फिटते. तेव्हा डबा घरचाच न्यावा. माणशी दोन लिटर पाणी घ्यावे आणि अकराच्या आत सावली गाठावी. कातळ तापला की वरून ऊन आणि खालून भट्टी. परत येताना आम्ही सडा चढलो नाही, रिक्षा केली. त्यात कमीपणा नाही.

या किनारपट्टीवर कासवे अंडी घालायला येतात, हेही मुलांना तिथेच कळले. ऑलिव्ह रिडले जातीची मादी हिवाळ्यात रात्री वाळूत खड्डा करून शंभरेक अंडी घालते आणि दीड-दोन महिन्यांनी पिल्ले बाहेर पडून समुद्राकडे धावतात. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला २००२ पासून गावकऱ्यांना घेऊन सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने ही घरटी राखली. पुढे कोळथरे, दाभोळ, आंजर्ले अशा ठिकाणीही काम पसरले. पूर्वी अंडी खाल्ली जात. कासव बघायचे तर फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये यावे.

दुसऱ्या दिवशी आम्ही वणंदला गेलो. दापोलीजवळचे हे गाव, माता रमाईचे माहेर. तिथे त्यांचे स्मारक आहे. रमाईचे वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरात माशांच्या टोपल्या वाहण्याचे काम करीत. लहानपणीच आई-वडिलांचे छत्र गेले आणि मामा-काकांनी पोरांना मुंबईला नेले. दाभोळ म्हणजे बुरोंडीच्या दक्षिणेला, कोळथरे ओलांडून पुढे. नकाशावर बोट ठेवून मी मुलांना ती वाट दाखवली. सासूबाई म्हणाल्या, "म्हंजी तिचा बापूस पन आमच्यावानीच." त्यापलीकडे त्या काही बोलल्या नाहीत, पण स्मारकात बराच वेळ बसून राहिल्या.

दापोलीचा कॅम्प म्हणजे पेन्शनर सैनिकांची जुनी वसाहत. सुभेदार रामजी लष्करातून निवृत्त झाल्यावर काही काळ इथे राहिले, म्हणजे बाळ भीमाची पावले या तांबड्या मातीत उमटली आहेत. गोपाळबाबा वलंगकरांनीही पेन्शनीनंतर दापोलीतच राहून 'अनार्य दोष परिहारक मंडळी' चालवली, आणि लष्करभरतीचे बंद झालेले दार आपल्या लोकांना उघडावे म्हणून अर्ज लिहिला. मूळ गाव आंबडवे शेजारच्या मंडणगड तालुक्यात. ज्यांना दोन दिवस जास्त मिळतील त्यांनी पन्हाळेकाजीलाही जावे. कोटजाई नदीच्या खोऱ्यातली एकोणतीस लेणी. सुरुवातीची हीनयान पंथाची, इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या सुमाराची. पुढे वज्रयान, नंतर शैव, नाथपंथ, अशी एकाच कातळात हजार-बाराशे वर्षांची उलथापालथ. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, ११३९ सालचा एक शिलाहार ताम्रपट हाती लागल्यावर अभ्यासकांचे इकडे लक्ष गेले आणि पुरातत्त्व खात्याचे म. न. देशपांडे यांनी त्यावर १९८६ साली ग्रंथ लिहिला. नदीकाठच्या शांततेत मुलांनी आपसूक आवाज खाली आणला. भिक्खू पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहत आणि बाकीचे नऊ महिने चारिका करीत, म्हणजे चालतच असत. "त्यांना डॉक्टरांनी सांगितलं होतं का?" असे माझ्या मुलाने विचारले. लेण्यात हसू नये, पण सगळे हसलो.

आता त्या भिंतीबद्दल. मुंबईला परतायच्या आदल्या रात्री वाडीतली सात-आठ माणसे आमच्या ओटीवर बसली. जागा कोणा बाहेरच्या माणसाने घेतली आहे, कागद त्याचा खरा आहे, त्याबद्दल कोणाची तक्रार नाही. प्रश्न पाखाडीचा आहे. आमच्या एका पुतण्याने तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची नक्कल आणली होती. नकाशात गाडीमार्ग दुहेरी तुटक रेघेने दाखवतात आणि पायमार्ग एकेरी तुटक रेघेने. आमची पाखाडी तिथे आहे, एकेरी तुटक रेघ, बंदराकडून सड्यापर्यंत. नकाशात नसती तरी सगळे संपत नव्हते. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे एखादी वाट वीस वर्षे उघडपणे, भांडणाशिवाय, खंड न पडता, हक्काने वापरली असेल तर तो वहिवाटीचा हक्क होतो. आणि अशी वाट अडवली तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदारांकडे दाद मागता येते, मात्र अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. हे सहा महिने आपले लोक विचार करण्यात घालवतात. आपल्या गावी असे काही झाले असेल तर आधी नकाशाची नक्कल काढा आणि तारीख लिहून ठेवा. बाजूने फिरून जाऊ लागलात तर चार वर्षांनी लोक म्हणतील, वाट तिकडूनच होती.

एकाने विचारले, पण वाट वापरतंय कोण आता? लाकडे कोणी आणत नाही, घरोघरी गॅस आला, गुरे राहिली नाहीत. सड्यावर काय काम आहे आपले?

सगळे गप्प झाले, कारण प्रश्न बरोबर होता. तेव्हा आतून सासूबाई बोलल्या, "काम नाय. आमी चालाया जातंय."

अर्ज लिहिला माझ्या मुलीने, वकिलाने तपासला. वहिवाटीच्या साक्षीसाठी वाडीतल्या पाच म्हाताऱ्यांची नावे त्यात आहेत. साठ वर्षांपासून ती वाट ज्यांच्या पायांना पाठ आहे अशा. सासूबाई प्रौढ साक्षरतेच्या वर्गात सही शिकल्या होत्या, त्यांनी अंगठा दिला नाही. त्या ओट्याचा, ओझे टेकवायच्या चिऱ्यांचा फोटोही अर्जाला जोडला आहे. तारीख पावसाळ्यानंतर लागेल असे म्हणतात. तोवर वाडीतल्या बायका दर रविवारी पहाटे वहाळाच्या बाजूने वर जातात आणि सड्यावर एक चक्कर मारून येतात. गेल्या रविवारी अकरा जणी होत्या, असे फोनवर कळले.